चाळिशीत कॉमिक्सकडे परतताना कोणती मालिका घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणी अमर चित्रकथा, इंद्रजालचा वेताळ आणि टिनटिन वाचले. पुढे पंचवीस वर्षे कॉमिक्सला हात लावला नाही. आता चाळिशीत पुन्हा ओढ लागली आहे. मित्राच्या सांगण्यावरून बॅटमॅनचे तीन संग्रह विकत आणले, पण कोण कोणाचा कोण आणि आधी काय घडून गेले आहे याचा थांग न लागल्याने ते तसेच कपाटात पडून आहेत. तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येईल, पोरकट नसेल आणि जमल्यास अकरा वर्षांच्या मुलीबरोबरही वाचता येईल अशी एखादी मालिका सुचवावी. इंग्रजीची अडचण नाही, मात्र एकदम मोठा खर्च करायची तयारी नाही.

मी पुण्यात एक लहानसे वाचनालय चालवते आणि तिथला कॉमिक्सचा विभाग सुरुवातीपासून मीच पाहते. तुमच्यासारखे सभासद माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांची कथा तुमच्यासारखीच असते. म्हणून त्यांना मी काय विचारते, काय देते आणि तेच का देते, हे इथे जरा सविस्तर लिहिते.

चांगल्या मालिकांच्या याद्या कुठेही मिळतात आणि त्यांत बहुधा तीच ती दहा-पंधरा नावे असतात, त्यामुळे नावांची टंचाई ही तुमची अडचण आहे असे मला वाटत नाही. अडचण अशी आहे की आपण लहानपणापासून कॉमिक्स पात्राच्या नावाने ओळखत आलो आहोत. वेताळ हवा, मॅन्ड्रेक हवा, बॅटमॅन हवा, असे आपण म्हणतो. कादंबरी निवडताना आपण असे करत नाही. तिथे लेखक आधी पाहतो. कॉमिक्सच्या बाबतीतही पात्राऐवजी ते लिहिणाऱ्याचा आणि काढणाऱ्याचा हात पाहून निवड केली, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

बॅटमॅनचेच घ्या. हे पात्र १९३९ साली पहिल्यांदा छापले गेले आणि ते प्रकाशन संस्थेच्या मालकीचे आहे. तेव्हापासून आजवर अनेक पिढ्यांच्या लेखकांनी आणि चित्रकारांनी ते हाताळले आहे. प्रत्येकाने आधीच्याचे काही ठेवले, काही मोडले, आणि दर काही वर्षांनी संस्थेने सगळी मांडणीच नव्याने केली. तुम्ही आणलेले तीन संग्रह बहुधा तीन वेगळ्या काळांतल्या, तीन वेगळ्या लेखकांच्या मोठ्या कथानकांचे मधले तुकडे असावेत. परक्या घरच्या लग्नात शिरल्यावर जसे सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपण मात्र कोपऱ्यात उभे राहतो, तसे त्यात होते. यात तुमच्या वाचनाचा काही दोष नाही.

वेताळाचे उदाहरण तुम्हाला अधिक जवळचे वाटेल. ली फॉक यांनी हे पात्र १९३६ साली निर्माण केले आणि १९९९ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते त्याच्या कथा लिहीत राहिले, पण चित्रकार बदलत गेले. १९६१ पर्यंत विल्सन मॅकॉय यांची साधी, सपाट, जवळजवळ सावली नसलेली रेषा होती. त्यानंतर साय बॅरी आले आणि जंगल, घोडा, कवटीच्या गुहेतला अंधार, सगळे भरीव झाले. १९६४ साली सुरू झालेल्या आणि १९९० साली बंद पडलेल्या इंद्रजालमध्ये वेताळाच्या कथा अशा वेगवेगळ्या हातांच्या होत्या. काही अंक तुम्ही पुन्हापुन्हा वाचले असतील आणि काही एकदा वाचून बाजूला ठेवले असतील. लहान वयात त्याचे कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला ते कळलेले असते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या वाचकांपुढे मी दोन्ही चित्रकारांची पाने शेजारीशेजारी ठेवते, आणि आपल्या आठवणीतला वेताळ कोणता हे बहुतेक जण क्षणात बोट ठेवून सांगतात. त्या बोटावरच मी पुढची शिफारस करते.

रोमनांना न हरणाऱ्या एका छोट्या गॉल गावाची ‘ॲस्टेरिक्स’ ही फ्रेंच विनोदी मालिका, तिचेही तसेच. गोसिनी यांचे लेखन आणि उदेर्झो यांची चित्रे अशी ही जोडी १९५९ साली जमली आणि १९७७ साली गोसिनी गेले तेव्हा तुटली. चोविसावे पुस्तक, ज्यात ॲस्टेरिक्स बेल्जियमला जातो, त्याचे काम तेव्हा चालू होते. ते पुस्तक मिळाले तर नीट पाहा: एका ठिकाणापासून चित्रांतले आकाश काळवंडते. आपला सहकारी गेला ती जागा उदेर्झो यांनी अशी रेखाटून ठेवली आहे. त्यानंतरची पुस्तके उदेर्झो यांनी एकट्याने लिहिली आणि २०१३ पासून ती इतरांच्या हातात गेली. चित्रे देखणीच राहिली, पण संवादांतली धार आणि कथेची घट्ट वीण पहिल्या चोवीस पुस्तकांतच आहे. म्हणून ॲस्टेरिक्स मागणाऱ्याला मी या पहिल्या चोविसांतलेच पुस्तक निवडायला सांगते, आणि त्यांतले आधी कोणते घ्यायचे हे माझ्यावर सोपवा असेही सांगते. मोठ्या वयाच्या वाचकाला मी सहसा पहिले पुस्तक देत नाही. सीझर गावाशेजारचे जंगल तोडून रोमन लोकांसाठी मोठी गृहसंकुले बांधतो ते १९७१ सालचे पुस्तक देते. गावाला लढाईत हरवता येत नाही, म्हणून शेजारी वस्ती उभारून, बाजारभाव वाढवून, हळूहळू त्याला गिळायचे, हा त्यातला डाव आपल्याकडच्या कोणत्याही वाढत्या शहरातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

तर माझा पहिला निकष असा: जिच्यामागे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच हात किंवा एकच जोडी आहे अशी मालिका घ्यावी. दुसरा निकष असा की ती पूर्ण झालेली असावी. चालू मालिका वाईट असतात असे नव्हे. पण पंचवीस वर्षांनी परत येणाऱ्या वाचकाला आपण एक मोठी गोष्ट पुरी केली याचे समाधान आधी मिळायला हवे. पुढच्या खंडासाठी वर्षभर थांबण्याची सवय नंतर लागते.

आता जे तुमच्यावर अवलंबून आहे ते. अमर चित्रकथेत तुम्हाला काय आवडायचे, पुराणातली गोष्ट की राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची चित्रे? वेताळात साहस आवडायचे की प्रत्येक अंकात गोष्ट संपायची हे आवडायचे? तुम्ही रोज रात्री पंधरा मिनिटे वाचणार आहात की रविवारी सलग तीन तास? आणि कृष्णधवल चित्रे तुम्हाला चालतात का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण रंगीत कॉमिक्सवर वाढलेल्या आपल्या पिढीतले पुष्कळ वाचक केवळ रंग नाहीत म्हणून उत्तम मालिका परत करतात. त्यांना मी निदान पन्नास पाने वाचण्याची विनंती करते, कारण डोळा तेवढ्यात रुळतो.

तुमच्या पत्रात अमर चित्रकथेचे नाव सर्वांत आधी आले आहे, म्हणून माझी मुख्य शिफारस ओसामू तेझुका यांच्या ‘बुद्ध’ या मालिकेची. जपानमध्ये ती १९७२ ते १९८३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि इंग्रजीत आठ खंडांत मिळते. तेझुका हे जपानी कॉमिक्सचे सर्वांत मोठे नाव. शिक्षणाने ते डॉक्टर होते आणि पेशाने आयुष्यभर चित्रकथाकार. या मालिकेची भूमी आपली आहे: कपिलवस्तू, कोसल, मगध. जपानी पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचायची असतात म्हणून अनेक जण बिचकतात, पण याच्या इंग्रजी आवृत्तीत पाने उलटवून छापलेली आहेत, त्यामुळे आपल्या नेहमीच्या सवयीने वाचता येतात.

पहिल्या खंडाची सुरुवात कशी होते ते सांगते, म्हणजे मी हीच मालिका का सुचवते हे कळेल. बर्फाळ रानात एक वृद्ध तपस्वी भुकेने कोसळतो. अस्वल, कोल्हा आणि ससा त्याला पाहतात. अस्वल मासे आणते, कोल्हा फळे आणतो, सशाला मात्र काहीच मिळत नाही. मग ससा म्हाताऱ्याला आग पेटवायला सुचवतो आणि आग पेटल्यावर स्वतःच तिच्यात उडी घेतो. शशजातकातली ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात वा आजीच्या तोंडून ती कुठेतरी भेटलेली असते. तेझुका ती जवळजवळ शब्दांवाचून सांगतात. बर्फाचे मोठे, मोकळे पान, त्यात लहानसा ससा, त्याचे रिकाम्या तोंडाने परत येणे, आणि मग ती उडी. ही पाने वाचायची नसून पाहायची आहेत. या पानांवर थबकणारा वाचक आठही खंड वाचतो, असा माझा अनुभव आहे.

यानंतर मात्र तुमची अपेक्षा मोडेल. पहिल्या खंडात सिद्धार्थ जवळजवळ नाहीच. त्याचा जन्मच खंडाच्या शेवटाकडे होतो. तोवरची गोष्ट आहे ती चाप्रा या दासीपुत्राची आणि तत्ता या बहिष्कृत मुलाची. चाप्राला आपली जात लपवून वर चढायचे आहे आणि तत्ताला प्राण्यांच्या शरीरात आपले मन घालता येते. ही पात्रे तेझुकांनी कल्पिलेली आहेत. बुद्ध यायच्या आधी बुद्धाची गरज कोणाला होती, हे ते या मुलांमधून दाखवतात, आणि मला या मालिकेतला सर्वांत मोठा विचार तोच वाटतो. कथा सिद्धार्थाच्या महालात सुरू झाली असती तर ती आपण पूर्वी वाचलेली आणखी एक चरित्रकथा झाली असती.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिली अशी की, हा इतिहास नव्हे आणि धर्मग्रंथही नव्हे. ज्यांनी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला आहे त्यांना हे लगेच जाणवेल. बाबासाहेबांनी आजारी, वृद्ध आणि मृत माणूस अचानक दिसल्यामुळे सिद्धार्थाने घर सोडले ही पारंपरिक कथा तर्काला न पटणारी म्हणून नाकारली आणि शाक्य व कोलीय यांच्यातला रोहिणीच्या पाण्याचा तंटा हे कारण मांडले. तेझुका पारंपरिक वाटेने जातात. दुसऱ्या खंडाचे नावच चार भेटींवरून (या तीन आणि चौथी संन्याशाची) ठेवलेले आहे. माझ्या वाचनालयात ही दोन्ही पुस्तके लागोपाठ नेणारे सभासद आहेत आणि त्यांच्याशी होणारी चर्चा मला फार मोलाची वाटते. दुसरी गोष्ट अशी की, तेझुका गंभीर प्रसंगाच्या मध्येच विनोद करतात, आधुनिक वस्तूंचे उल्लेख आणतात, कधी स्वतःलाच चित्रात काढतात. श्रद्धेने वाचणाऱ्याला ते खटकू शकते. मला ते खटकत नाही. इतक्या दुःखाच्या कथेत लेखक वाचकाला श्वास घ्यायला जागा करून देतो असे मी समजते. पण ही आवडीची बाब आहे आणि पहिल्या खंडातच तुमचे मत ठरेल.

मुलीच्या दृष्टीने पाहायचे तर या मालिकेत हिंसा आहे आणि अनेक पात्रे, स्त्रियाही, उघड्या अंगाने वावरतात. चित्रण चवचाल नाही, पण अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती देण्याआधी पहिला खंड तुम्ही स्वतः वाचावा आणि मग ठरवावे.

तिच्याबरोबर वाचण्यासाठी मी जेफ स्मिथ यांची ‘बोन’ ही मालिका सुचवते. १९९१ साली सुरू होऊन २००४ साली पंचावन्न अंकांत ती पूर्ण झाली. स्मिथ यांनी ती मुख्यतः स्वतःच प्रकाशित केली आणि त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी प्रकाशनाचा सगळा कारभार सांभाळला. त्यामुळे मधे कोणी संपादक येऊन कथा वाढवा किंवा पात्र बदला असे सांगणारा नव्हता. पांढरे, गोलमटोल, मोठ्या नाकाचे तीन भाऊबंद आपल्या गावातून हाकलले जातात आणि एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात, इथून ती सुरू होते. पहिले दोन खंड हसवणारे आहेत. हळूहळू खोऱ्यातल्या थॉर्न या मुलीचे आणि तिच्या आजीचे रहस्य उलगडत जाते, युद्ध जवळ येते, आणि सहाव्या-सातव्या खंडापर्यंत तुम्ही एका मोठ्या महाकथेच्या मध्यभागी पोहोचलेले असता.

या मालिकेतली एक जागा मी प्रत्येक परतणाऱ्या वाचकाला दाखवते. सुरुवातीलाच एक किडा त्या तिघांतल्या फोन बोनला सांगतो की इथे हिवाळा फार झपाट्याने येतो. बोन त्यावर विचार करतो. आणि मग एका चौकटीत कोरडी जमीन, तर पुढच्या चौकटीत सगळ्या हिवाळ्याचा बर्फ एकदम, एकाच दणक्यात कोसळलेला. विनोद कोणत्याही वाक्यात नाही. तो दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत आहे. गद्यात हे लिहिता येणार नाही आणि चित्रपटात ते इतके नेमके येणार नाही, कारण तिथे बर्फ पडताना दाखवावा लागेल.

हे सांगण्याचे कारण असे की मोठेपणी कॉमिक्सकडे परतणारे बहुतेक वाचक एका सवयीमुळे निराश होतात. आपला डोळा इतकी वर्षे मजकुरावर धावलेला असतो, त्यामुळे तो संवादाच्या एका फुग्यातून दुसऱ्या फुग्यात उडी मारत जातो आणि पान दहा सेकंदांत संपते. दोनशे पानांचा खंड एका बैठकीत संपतो आणि मग वाटते की एवढ्याशा गोष्टीला एवढे पैसे? असे सभासद दुसऱ्याच दिवशी खंड परत आणतात. त्यांना मी एकच गोष्ट करायला सांगते: कोणतेही एक प्रकरण निवडा, त्यातले शब्द न वाचता फक्त चित्रे पाहत शेवटपर्यंत जा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून शब्दांसह वाचा. कोण कोणाकडे पाहत नाही, चौकट कुठे अचानक रुंद झाली, पान उलटण्याच्या ठिकाणी काय राखून ठेवले आहे, हे सगळे तेव्हा दिसू लागते. मुलांना हे शिकवावे लागत नाही. तुमची मुलगी शेजारी बसली तर ती एखाद्या चित्राच्या कोपऱ्यातले असे काही दाखवेल जे तुमच्याकडून निसटले असेल. म्हणूनही ही मालिका दोघांनी मिळून वाचावी असे मी म्हणते.

तिसरे नाव माझ्या दुसऱ्या निकषात बसत नाही, तरीही ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. स्टॅन साकाई यांची ‘उसागी योजिम्बो’ ही मालिका १९८४ साली सुरू झाली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे जपान, धनी नसलेला एक भटका योद्धा, आणि सगळी पात्रे प्राण्यांच्या रूपात; नायक ससा आहे. साकाई स्वतः लिहितात, स्वतः काढतात आणि फुग्यांतली अक्षरेही स्वतःच्या हाताने लिहितात. इतकी लांब मालिका मी सुचवण्याचे कारण असे की तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी एका-दोन अंकांत पूर्ण होतात, आणि वेताळाचा अंक संपल्यावर जे समाधान मिळायचे ते इथे मिळते. तुम्ही रोज रात्री पंधरा मिनिटेच वाचणार असाल तर ‘बुद्ध’च्याही आधी ही घ्या. तिच्यात एक पतंगाची गोष्ट आहे. मोठा पतंग कसा तयार होतो, बांबू, कागद, दोर, रंग, हे साकाई इतक्या सावकाश आणि प्रेमाने दाखवतात की तलवारीची चकमक यायच्या आधीच वाचक तृप्त होतो. आणि चकमकीत कोणी मेला की रक्ताऐवजी त्याच्या तोंडून एक छोटा फुगा निघतो, ज्यात शब्द नसतात, फक्त कवटी असते. यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही ती सहज देता येते, आणि मृत्यूचे वजनही कमी होत नाही.

रहस्यकथा आवडत असतील तर नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ ही मालिका घ्या. जर्मनीत काम करणारा तेन्मा हा जपानी शल्यविशारद महापौराला बाजूला ठेवून आधी आलेल्या एका जखमी मुलाचा जीव वाचवतो, आणि तो मुलगा पुढे खुनी निघतो. १९९४ ते २००१ या काळातली ही मालिका पूर्ण झालेली आहे, एका हातची आहे आणि उत्कंठेच्या बाबतीत तिला तोड नाही. ही मात्र उजवीकडून डावीकडे वाचावी लागते आणि ती मुलांसाठी नाही.

मराठी वाचक म्हणून तुम्ही विचाराल की आपल्याकडचे काय. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून आपल्या घराघरांत आहे आणि त्याचे संग्रह मी मुलांना आवर्जून देते. पण ती रोजची पट्टी आहे, सलग कथा नव्हे. मोठ्यांसाठीची, अनेक खंडांची मराठी चित्रकथा-मालिका मी तुम्हाला सुचवू शकत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मालिका नसलेले, पण आपल्या मातीशी थेट जोडलेले एक पुस्तक मात्र नक्की सुचवते: २०११ साली इंग्रजीत आलेले ‘भीमायन’. बाबासाहेबांच्या लहानपणच्या आणि तरुणपणच्या अनुभवांवर आधारलेले हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढले आहे. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही म्हणून त्यांनी चौकटी वापरल्याच नाहीत. गोंड चित्रांतल्या वळणदार पट्ट्या पानाचे भाग पाडतात. साध्या, सोसणाऱ्या माणसांच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत आणि जातीचे विष ओकणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. शाळेत तहानलेल्या मुलाला पाणी नाकारले जाते ते पान पाहा. तिथे नांगीचा फुगा वाचायच्या आधीच टोचतो. तुमच्या मुलीबरोबर हे पुस्तक अवश्य वाचा.

कपाटातल्या बॅटमॅनचे काय करायचे? तो टाकून देऊ नका, पण सध्या तिथेच राहू द्या. अमेरिकी महानायकांकडे (सुपरहिरोंकडे) जायचेच असेल तर संपूर्ण आणि स्वतंत्र अशी कथा निवडा. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांची बारा अंकांची सुपरमॅनची कथा, ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, ही अशी आहे. सुपरमॅन पृथ्वीबाहेरून आलेला आहे एवढे ठाऊक असले की ती वाचता येते. ‘वॉचमेन’चे नाव तुम्हाला प्रत्येक यादीत दिसेल. ते थोर आहे यात शंका नाही, पण ते महानायकांच्या कॉमिक्सवरचे भाष्य आहे. ज्यावर भाष्य केले आहे ते थोडेफार वाचलेले असले तरच त्याची खोली कळते. तसेच ‘वन पीस’ ही १९९७ पासून चालू असलेली आणि शंभराहून अधिक खंडांची मालिका. तिचे चाहते तुम्हाला आग्रह करतील आणि त्यांचे प्रेम खरे आहे, पण तुमच्या आजच्या परिस्थितीत ती घेऊ नये असे मला स्पष्ट वाटते.

म्हणजे क्रम असा ठेवा: स्वतःसाठी ‘बुद्ध’चा पहिला खंड, मुलीबरोबर ‘बोन’चा पहिला खंड, आणि वाचनाला वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळत असेल तर ‘उसागी’. बाकीचे नंतर.

आता खर्चाचे. कोणत्याही मालिकेचा पूर्ण संच एकदम घेऊ नका, सवलत कितीही मोठी दिसली तरी. पहिला खंड घ्या, किंवा गावात वाचनालय असेल तर तिथून आणा, आणि तो वाचून झाल्यावर दुसऱ्यासाठी जीव तळमळतो का ते पाहा. मुंबईत येणेजाणे असेल तर फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरच्या पुस्तकवाल्यांकडे टिनटिन-ॲस्टेरिक्स पाहावेत. सुटी पुस्तके घ्यायला ती जागा चांगली. सलग मालिकेचे खंड मात्र तिथे जमवत बसू नका, कारण मधला एक खंड मिळत नाही आणि गोष्ट तिथेच अडकते.

आणि मागवण्याआधी आवृत्ती तपासा, कारण यात पुष्कळ जणांचे पैसे वाया जातात. एकच मालिका वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या खंडांत विभागलेली असते. ‘मॉन्स्टर’ जुन्या आवृत्तीत अठरा खंडांची आहे आणि नव्या मोठ्या आवृत्तीत नऊ खंडांची. जुन्याचा पहिला घेऊन नव्याचा दुसरा मागवला तर मधला अख्खा खंडभर मजकूर गळतो. ‘उसागी’चे पहिले सात खंड एका प्रकाशकाचे आणि पुढचे इतर प्रकाशकांचे आहेत, शिवाय जाडजूड एकत्रित आवृत्तीचे क्रमांक निराळे. ‘बोन’ नऊ रंगीत खंडांत मिळते आणि तेराशेहून अधिक पानांच्या एका कृष्णधवल ग्रंथातही. मूळ रेखाटन कृष्णधवलच आहे आणि मला स्वतःला तेच आवडते, पण तो ग्रंथ झोपून वाचता येत नाही आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या हाताला पेलतही नाही. तिच्यासाठी रंगीत पहिला खंड मागवा.